चाळीस ओळींचं कारण

आता सगळं निस्तरलं आहे, म्हणून सांगायला बसले आहे. महिन्यापूर्वी कुणी या विषयावर अवाक्षर काढलं असतं तर मी त्याच्या अंगावर खेकसले असते. माझं खेकसणं काय असतं ते पाणीपुरवठा खात्यात माझ्या टेबलासमोर तक्रार घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. गेल्या रविवारपासून मात्र मी अंथरुणाला पाठ टेकते ती थेट सकाळी उठते. ऑफिसातले म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलंय. तेज-बिज काही नाही, झोप झालीय.

गोष्ट एका प्रोग्रॅमची आहे. त्याचं नाव ‘बोलका’. ज्यांचा आवाज आजारानं किंवा ऑपरेशननं गेला, त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बोलका त्यांचा आवाज शिकतो. मग माणसानं टाइप करायचं आणि कॉम्प्युटरनं त्याच्या आवाजात बोलायचं. एआयच्या नावानं हल्ली जो गाजावाजा चालतो त्यातलंच हे एक लहानसं काम. बोलका ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याच्या आतली ओळ न् ओळ इंटरनेटवर उघडी मांडलेली आहे. कुणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी. जगात चौदा हजार माणसं त्यातून बोलतात. आणि एवढा डोलारा सांभाळायला माणसं किती, तर दोन. एक मी आणि दुसरे मास्तर.

मास्तरांनी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून प्रोग्रॅमिंग शिकले आणि आता त्यांना वेळ पुरत नाही. त्यांच्या जावयाचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानामागच्या डोळे तपासायच्या खोलीत शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आम्ही दोघं तिथं बसतो. भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आहे. मास्तर दर शनिवारी खुर्चीत बसता बसता त्याची शेवटची ओळ वाचून दाखवतात. ती त्यांना कधीचीच पाठ झाली आहे हे मला ठाऊक आहे, पण मी दरवेळी ‘वा’ म्हणते.

आमच्या कामाची रीत मास्तरांनी घालून दिलेली. बोलक्यात कुणीही एक ओळ जरी बदलली, तरी ती का बदलली याचं कारण शेजारी पूर्ण वाक्यात लिहायचं. मग ते दुसऱ्यानं वाचायचं आणि खाली ‘वाचलं, ठीक’ असं लिहायचं. तेवढं झाल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही. “उत्तर बरोबर आलं आणि रीत लिहिली नाही, तर मी पोरांना शून्य द्यायचो,” हे मास्तर ज्याला त्याला सांगतात. या कारणांच्या नोंदींचा मला फार अभिमान. परदेशातली माणसं कळवायची की इतक्या नीट लिहिलेल्या नोंदी आम्ही कुठं पाहिल्या नाहीत, आणि मी दोन दिवस हवेत असायची.

तर तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, एक ईमेल आली. लिहिणाऱ्याचा धंदाच असा की लोकांच्या प्रोग्रॅममधली भगदाडं शोधायची आणि ज्याची त्याला गुपचूप कळवायची. त्यानं नाव दिलं नव्हतं. न बोलावता आला म्हणून आम्ही त्याला ‘पाहुणा’ म्हणायला लागलो. पाहुणा सभ्य होता. त्याचं म्हणणं असं: बोलक्यात प्रत्येकाचा आवाज एका फाइलमध्ये असतो. त्या फाइलमध्ये नुसते आकडे असायला हवेत. पण बोलका ती उघडतो तेव्हा आत आकड्यांखेरीज काही सूचना लिहिलेल्या असल्या, तर त्याही मुकाट्यानं पाळतो. उद्या कुणी वाईट सूचना घातलेली फाइल पाठवली, तर उघडणाऱ्याचा अख्खा कॉम्प्युटर त्याच्या हातात जाईल. तुम्हाला दुरुस्तीसाठी नव्वद दिवस देतो, तोवर मी कुठं वाच्यता करणार नाही. धोक्याचे गुण, दहापैकी नऊ पूर्णांक आठ.

शाळेत मला कुठल्या विषयात एवढे गुण पडले नव्हते.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. ईमेल त्यांनाही गेली होती. “बाई, हे भगदाड आलं कुठून? मी तर असं काही लिहिलेलं आठवत नाही.”

“बघते मी,” मी म्हटलं. “तुम्ही तुमचं ते बोलक्याला मराठी आकडे म्हणायला शिकवायचं काम पुरं करा. हे माझ्याकडे राहू द्या.”

हे मी ज्या थंडपणे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. कारण ते भगदाड नव्हतंच. ते मी स्वतःच्या हातानं पाडलेलं दार होतं आणि कुठल्या आठवड्यात पाडलं तेही मला ठाऊक होतं.

त्यासाठी दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गाडी शिकवतो. अर्ध्या शहरानं ब्रेक दाबायला त्याच्याकडूनच शिकलं. चार वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येईल पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनला सहा आठवडे होते. तेवढ्यात मी त्याचा आवाज साठवायला बसले. त्याच्या घरात प्रेशर कुकर, माझ्या घरात शेजारचं कुत्रं. शेवटी त्याची शिकवायची गाडीच सगळ्यात शांत जागा निघाली. काचा वर करून आम्ही आत बसायचो. तो चालकाच्या जागी, मी शेजारी माइक धरून, आणि तो समोर ठेवलेली पानं वाचायचा. अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं. बोलका जन्माला आला तो त्या अकरा तासांसाठी. बाकीचे चौदा हजार मागून आले.

पहिल्यांदा आवाज तयार झाला आणि मी तो ऐकला, तेव्हा मला रडू कोसळलं. घोगरा, फाटका आवाज. वाक्याच्या मध्येच अडकायचा, खाकरायचा, शेवटचा शब्द गिळून टाकायचा. मला वाटलं, हा आजार बोलतोय. हा माझा दादा नव्हे. चौदा वर्षांची असताना मला कावीळ झाली होती, दीड महिना शाळा बुडाली. तेव्हा दादा रोज संध्याकाळी पलंगाशेजारी बसून मला धडे वाचून दाखवायचा. स्वच्छ, खणखणीत आवाज, कुठं घाई नाही. तो आवाज माझ्या कानात पक्का बसलेला. मग मी काय केलं, चाळीस ओळी लिहिल्या. घोगरेपणा काढायचा, खाकरणं कापायचं, शब्दांची टोकं पुरी करायची. कानाला बरोबर वाटेपर्यंत एकेक गोष्ट घासत बसले. त्या ओळी बोलक्यात घालता येईनात, कारण त्या एकट्या दादासाठीच होत्या. म्हणून मी त्या दादाच्या फाइलमध्येच ठेवल्या आणि बोलक्याला शिकवलं की फाइलमध्ये सूचना दिसल्या तर त्या पाळ.

पाहुण्यानं बोट ठेवलं होतं ते नेमकं इथं. दार बंद करणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण दार बंद झालं की माझ्या चाळीस ओळी बाहेर राहणार आणि दादाच्या तोंडी पुन्हा तो आजारी आवाज येणार. घशातून एकदा गेलेला आवाज मी दुसऱ्यांदा काढून घेणार, आणि तोही त्याला जाऊन सांगून.

मग मी जे केलं त्याला सरळ शब्दांत चालढकल म्हणतात. पहिले दोन आठवडे मी स्वतःला समजावलं की आधी नीट अभ्यास करायला हवा. तिसऱ्या आठवड्यात घरी कुणी नसताना बोलक्यातलं ते दार तात्पुरतं बंद करून दादाची फाइल एकदा वाजवली, आणि दोन शब्दांत बंद केली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्याच सुधारणा रीतसर करता येतात का ते पाहिलं. येत होत्या, पण दोन महिन्यांचं काम होतं. मधल्या काळात दादाला जुन्याच व्हर्जनवर ठेवावं असाही विचार आला. पण जुनं व्हर्जन म्हणजे उघडं दार, आणि दादाचा स्वभाव असा की कुणी काही पाठवलं की उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बोलका वापरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथं लोक गंमत म्हणून नवे नवे आवाज एकमेकांना पाठवतात. त्यातला एकही दादानं सोडलेला नाही. जगात सगळ्यात आधी कुणाचं दार लावायला हवं होतं, तर त्याचंच.

मास्तर दर शनिवारी विचारायचे, “कुठवर आलं?” मी म्हणायची, “चाललंय.” ते मान हलवायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. शिकवायच्या दिवसांत गृहपाठ न करता आलेलं पोर त्यांना दारातच ओळखू यायचं म्हणे. मी तर त्यांच्या समोर खुर्चीत बसायची.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी, शुक्रवारी, पाहुण्याची दुसरी ईमेल आली. या वेळी मोजक्याच ओळी. ते दार दुसऱ्या कुणालातरी सापडलं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये ‘मधाळ’ नावाची एक आवाजाची फाइल फिरते आहे. ती उघडली की त्या कॉम्प्युटरवरचे सगळे आवाज चोरीला जातात. एका बाईचा आवाज असा गेला आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांना तिच्याच आवाजात फोन आला, की मी स्टेशनवर अडकले आहे, ताबडतोब या. वडील तासभर स्टेशनवर उभे होते आणि तेवढ्यात इकडे घर साफ झालं.

मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हे वाचलं. ‘मधाळ’ हे नाव मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं, ग्रुपमध्ये, आणि खाली दादाचा अंगठा होता. मी तिथूनच फोन लावला. दादा फोनवरही बोलक्यातूनच बोलतो, म्हणून त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तो टाइप करेपर्यंत पलीकडे नुसती शांतता. माझ्या समोरून एक शिपाई चहाची किटली घेऊन वर गेला आणि रिकामी घेऊन खालीही आला, इतका वेळ.

“बोल, बारके,” शेवटी आवाज आला. खणखणीत, माझ्या आवडीचा.

“दादा, ती ‘मधाळ’ नावाची फाइल उघडलीस का?”

पुन्हा शांतता.

“आलीय. बघायची राहिली. आज तिघांची लायसनची परीक्षा होती. एकानं गाडी कुंपणात घातली.”

“तिला हात लावू नकोस. आज उघडू नकोस, उद्या नको, कधीच नको. कळलं?”

“काय झालं?”

“रविवारी येते. तेव्हा सांगते.”

जीव भांड्यात पडला. त्या कुंपणात गाडी घालणाऱ्याला मी मनातल्या मनात दोन्ही हात जोडले. पण हेही कळलं की हा नुसता योगायोग आहे. बाकीच्या चौदा हजारांकडे त्या दिवशी लायसनची परीक्षा नव्हती.

शनिवारी मी चष्म्याच्या दुकानात पोचले तेव्हा मास्तर तक्त्याकडे पाहतच नव्हते. त्यांनीही ईमेल वाचली होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच सगळं सांगून टाकलं. दादाचा आवाज, चाळीस ओळी, दार, पंचाहत्तर दिवस. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

मास्तरांनी चार वर्षांपूर्वीच्या नोंदी उघडल्या आणि हळूहळू खाली येत गेले. दार पाडल्याची नोंद सापडली. इतर नोंदींत प्रत्येक बदलाशेजारी तीन-तीन ओळींची कारणं होती. इथं दोनच शब्द होते: ‘किरकोळ दुरुस्ती’. खाली मास्तरांचं नाव आणि त्यांचा शेरा: ‘वाचलं, ठीक’.

“मी वाचलं नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“तारीख बघा की. तुमच्या दादाच्या ऑपरेशनचा आदला दिवस. म्हटलं, बाईंना आज कशाला प्रश्न विचारायचे. न वाचताच सही ठोकली.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तेहेतीस वर्षांत एका पोराचा पेपर मी न तपासता परत दिला नाही. आणि इथं हे.”

मी त्यांच्या रागाची तयारी करून गेले होते. त्याऐवजी ते स्वतःलाच बोल लावत बसले, आणि ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, “मास्तर, चूक माझी आहे. तुम्ही त्यात वाटा मागू नका.”

“वाटा कसला, अर्धीच आहे ती माझी,” ते म्हणाले. मग चष्मा चढवला. “चला, आधी दार लावू. रडायचं असेल तर नंतर सवडीनं.”

अर्धा तास लागला. खरं तर पंचवीस मिनिटं. नऊ ओळी काढल्या, चार घातल्या. आता फाइलमध्ये आकड्यांखेरीज काहीही आढळलं तर बोलका ते बाजूला फेकतो, निव्वळ आकडे घेतो. आम्ही मुद्दाम खोट्या वाईट फाइली बनवून त्याला चारल्या, बावीस प्रकारच्या. एकीलाही तो फसला नाही. मग मास्तरांनी माझ्यापुढे कीबोर्ड सरकवला. “कारण लिहा.”

लोकांसाठी एक निवेदन द्यावं लागतं: दोष काय होता, कधीपासून होता, कसा आला, आता काय करायचं. पहिल्या दोन गोष्टी झरझर लिहून झाल्या. ‘कसा आला’शी घोडं अडलं. मी लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणामुळे’. मास्तरांनी ते खोडलं. मी लिहिलं, ‘देखरेख करणाऱ्यांच्या नजरचुकीनं’. तेही खोडलं. शेवटी चिडून मी जे होतं तेच लिहिलं: ‘माझ्या भावाचा आवाज मला हवा तसा ऐकू यावा म्हणून मी हे दार ठेवलं आणि त्याची नोंद लपवली. माझ्या सहकाऱ्यानं ती न वाचता मान्य केली.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. “आता रीत आली,” म्हणाले.

“लगेच सोडू नका. आधी मला दादाला सांगू द्या. त्याला ते कॉम्प्युटरनं सांगता कामा नये.”

“उद्या दुपारी चार,” मास्तर म्हणाले. “चारला मी बटण दाबणार. तुम्ही सांगितलेलं असो नसो. चौदा हजार माणसं आहेत, बाई. त्यांनाही भाऊ-बहिणी आहेत.”

रविवारी सव्वातीनला मी दादाकडे पोचले. दादा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता, मांडीवर लॅपटॉप, गळ्यापाशी नेहमीचा रुमाल. वहिनी मागच्या बाजूला धुणं धूत होती. वहिनी औषधांच्या दुकानात बसते आणि रविवार हा तिचा एकच हातचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी तिच्या वाटेत कुणी येत नाही. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

मी दादासमोर स्टूल ओढून बसले. येताना वाटेत दहा प्रकारे सुरुवात ठरवली होती. त्यातली एकही आठवेना.

“दादा, तुझा आवाज मी बदललेला आहे,” मी म्हटलं. “पहिल्यापासून. तो तुझा नाहीय. म्हणजे तुझाच आहे, पण मी साफसूफ केलेला. आता ती साफसफाई काढावी लागणार. त्यातून चोर आत शिरतायत.” मग बाकीचं सांगितलं. दादा माझ्याकडे बघत होता. मध्ये एकदाही त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. मी शेवटी म्हटलं, “तो घोगरा आवाज येईल आता. खाकरणारा. आजारपणातला. मी दोन महिन्यांत नीट करून देईन, शप्पथ. तेवढे दिवस काढ.”

त्यानं हातानंच खूण केली: कर काय ते.

नवं व्हर्जन लॅपटॉपवर चढवायला चार मिनिटं लागली. पडद्यावर पट्टी सरकत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. पट्टी संपली. मी लॅपटॉप परत त्याच्या मांडीवर दिला आणि खरं सांगते, मी उठून खिडकीकडे तोंड केलं. त्याचा चेहरा बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

मागे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग तो आवाज आला. फाटका, खरखरीत, मध्येच घशात अडकून खाकरलेला.

“अगं... हं... ऐकलंस का?”

“आले रे, थांब जरा. हात ओले आहेत,” वहिनी मागून ओरडली.

पाण्याचा आवाज चालू होता. मग तो एकदम थांबला.

वहिनी दारात आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत साबण होता. ती आधी दादाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. एक पाऊल पुढे आली आणि तिथंच थांबली.

“काय म्हणालास?” तिनं विचारलं. “परत म्हण.”

दादानं टाइप केलं. “चहा टाक म्हणत होतो. हं... बारकी आलीय.”

वहिनी खालीच बसली, उंबऱ्यावर, ओल्या हातांनी. मला वाटलं, झालं, हिला धक्का बसला. मी घाईघाईनं समजावायला लागले, “वहिनी, हा आजारातला आवाज आहे, थोडेच दिवस, मी करते काहीतरी—”

“आजारातला?” वहिनी म्हणाली. “कुठला आजारातला? अगं, हा असाच बोलतो. मला बघायला आला तेव्हा असाच खाकरत होता. तीन वेळा पाणी मागितलंन. दिवसभर गाडीत शेजारच्यावर ओरडून ओरडून त्याचा घसा तेव्हाच गेला होता.” तिनं कोपरानं डोळे पुसले, त्यामुळे साबण डोळ्यांत गेला आणि ती आणखी पुसायला लागली. “तो दुसरा कोण होता ग? चार वर्षं घरात कुणी फार सभ्य माणूस येऊन राहिलाय असं वाटायचं मला. चहा मागितला तरी बातम्या सांगितल्यासारखा.”

मी दादाकडे बघितलं. दादा लॅपटॉपकडे बघत होता.

“तू माझ्या लग्नाच्या आधीचा आवाज काढलास,” वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला कुठं बघावं ते कळेना. “तो तुझा दादा असेल. माझी त्याची कधी भेटच नाही झाली.”

हे माझ्या डोक्यात चार वर्षांत एकदाही आलं नव्हतं. वहिनी घरात आली तेव्हा दादा तेहेतीस वर्षांचा होता. मी कावीळ झालेल्या मुलीच्या कानानं तो आवाज घासत बसले होते, आणि जी बाई रोज त्याच्या शेजारी जेवते तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझी मान खाली गेली. आणि त्याच वेळी, हे कबूल करायला हवं, शहात्तर दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं. मी हुंदके देऊन रडायला लागले. खूप बरं वाटत होतं.

“मग बोलला का नाहीत कुणी?” मी विचारलं. “दादा, तुला तरी कळत होतं ना?”

दादानं बराच वेळ टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं.

“तू किती खूश होतीस,” तो खरखरीत आवाज म्हणाला. “म्हटलं... हं... आवाज काय, शिव्या घालण्यापुरता असला तरी पुरे. पण त्या आवाजात शिवीसुद्धा साजूक यायची. विद्यार्थी घाबरेनासे झाले. तो परवाचा गाडी कुंपणात घालतो का उगाच?”

वहिनी हसली, मीही हसले, रडता रडता नाकातून पाणी आलं ते वेगळंच. आणि दादाही हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले, कारण हसण्याची कळ बोलक्यात अजून नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर. “चाराला पाच कमी आहेत. सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“चहा मागतोय,” मी म्हटलं. “मास्तर, दाबा तुम्ही. पाच मिनिटं कशाला थांबता.”

पलीकडे खुट्ट झालं. “गेलं,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला फोनमध्ये ऐकू आला. पुढच्या आठवड्याभरात साडेतेरा हजार माणसांनी नवं व्हर्जन घेतलं. राहिलेल्या पाचशेंना मी एकेकाला लिहिते आहे. ज्या बाईच्या वडिलांना फसवलं, तिला मी पहिलं पत्र लिहिलं, माफीचं. तिचं उत्तर आलं नाही आणि यायलाच हवं असंही नाही. निवेदन वाचून मला शिव्या देणारेही निघाले, दहा-बारा. बाकीच्यांनी आपापल्या आवाजाच्या नव्या व्हर्जनबद्दलच लिहिलं. पाहुण्याची ईमेल आली: ‘दार लागलं आहे, तपासलं. कारणही वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम जास्त आहे.’ मास्तरांना हा माणूस फार आवडलाय.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी फोन ठेवला तेव्हा वहिनी चहा टाकायला आत गेली होती. मी दादाला म्हटलं, दोन महिन्यांत निदान ते खाकरणं तरी काढून देऊ का? त्यानं मान हलवली, नको. मग आत बघून त्यानं काहीतरी टाइप केलं.

“साखर... हं... बेतानं घाल.”

“गेल्या वेळी कमी पडली म्हणून तोंड कुणी वाकडं केलं होतं?” वहिनी आतून म्हणाली. मला ती दारातून दिसत होती. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती, भांड्यातलं दूध बघत, आणि मागे वळूनसुद्धा न बघता ती त्याच्याशी भांडायला लागली.